मुळा चालेल, कोबी नको

माझा नवरा हवेबद्दल बोलायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सप्टेंबर संपत आला होता. या दिवसांत बहारीनमधल्या बुदैयातल्या आमच्या घराच्या काचांना सकाळी बाहेरून घाम सुटतो, कारण आत एसी आणि बाहेर समुद्राची दमट हवा. तो चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा राहिला, काच आतून बोटाने पुसायला गेला, ती पुसली जाईना, आणि मग म्हणाला की यंदा थंडी लवकर येणार असं म्हणतात. कोण म्हणतात, असं मी विचारलं. सगळेच, असं तो म्हणाला.

इतक्या वर्षांत या माणसाने हवेची दखल घेतल्याचं मला आठवत नाही. मीना सलमान बंदरात जहाजांच्या दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये तो इंजिनियर आहे. ऑगस्टमध्ये जिथं लोखंडाला हात लावता येत नाही, अशा जागी दिवस काढून तो घरी येतो, आणि आज बाहेर कसं होतं विचारलं तर ‘होतं’ एवढंच सांगतो. तो पुण्याचा, त्यामुळे विनाकारण बोलणं त्याला उधळपट्टी वाटते. अशा माणसाला एकाएकी थंडीची ओढ लागली म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मिरजेला आमची आई मला दूधवाल्यासमोर उभी करायची आणि त्याच्या तोंडाकडे नको, मापाकडे बघ म्हणायची. ती सवय सुटलेली नाही. दुकानदार गोड बोलायला लागला की मी जुडी उलगडून आतली कोथिंबीर बघते. बहारीनच्या हवेवर तर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि त्याला तसंच कारण आहे.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी मी मृगावर पेरणी केली होती. आमच्याकडे मृग लागला की पेरायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. भिंतीवर गावाकडून आणलेली दिनदर्शिका होती, तिच्यावर मृग नक्षत्र छापलेलं होतं आणि वाहनही दिलेलं होतं. घरामागे कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी होती. मी ती उकरली, भेंडी, गवार, दोडका सगळं टोचलं, वर पाणी शिंपलं आणि आभाळाकडे बघत बसले. आभाळ पांढरं होतं. मग वायव्येकडून शमाल सुटला, म्हणजे इथला उन्हाळी वारा, आणि त्याने माझी पेरणी वाळूखाली अशी गाडली की ओळी कुठं होत्या तेही कळेना. मी वाळू झटकून पुन्हा पेरलं. भट्टी पेटवून त्यात दाणे टाकावेत तसा तो प्रकार होता.

भिंतीपलीकडे एक म्हातारी बहारीनी बाई राहते. मी तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी, आणि ती मला बिन्ती म्हणते, म्हणजे मुलगी. तिला जुन्या बाजारातलं मोडकंतोडकं हिंदी येतं. ती त्या वेळी भिंतीवरून माझे सगळे उद्योग बघत होती आणि तिसऱ्यांदा पेरायला बसल्यावर तिने तोंड उघडलं. “अभी मफी,” ती म्हणाली, म्हणजे आत्ता नाही. “सुहैल आएगा, बाद में लगाओ.” सुहैल हा तिचा कोणी भाचा असावा आणि तो माळीकाम करत असावा असं मला वाटलं. पुढं ऑगस्ट सरताना एका पहाटे तिने मला गच्चीवर बोलावून दक्षिणेला क्षितिजाजवळचा एक ठळक तारा दाखवला. तो आपला अगस्ती होता. अगस्ती उगवला की आपल्याकडे पावसाचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात आणि इथं उन्हाळ्याचा कणा मोडतो म्हणतात. तारा तोच, पण त्याची कामं वेगळी. त्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही, पण दुधाने तोंड पोळलेलं असल्यामुळे ते वर्ष ताक फुंकून प्यायले आणि ऑक्टोबरपर्यंत थांबले. त्या हिवाळ्यात मला टोमॅटो ठेवायला परड्या पुरेनात.

तेव्हापासून आमचं वर्ष उलटं झालं. पावसाळा नसलेल्या ठिकाणी वर्षाची सुरुवात ऑक्टोबरात होते. सप्टेंबरअखेर टोमॅटो, वांगी, कोबी यांचं बी ट्रेमध्ये टाकायचं, महिन्याभराने रोपं पट्टीत लावायची. मेथी, पालक, मुळा थेट मातीत. मेथी-मुळा नव्या वर्षाच्या आत येऊन संपतात. कोबीचा गड्डा धरायला जानेवारी उजाडतो, आणि टोमॅटो खरे भरतात ते फेब्रुवारीत. मार्च सरला की सगळं वाळायला लागतं आणि मे महिन्यात तिथं काही होतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. या सगळ्यात नवऱ्याचं काम एकच. ऑक्टोबर लागला की तो बुदैया रस्त्यावरच्या नर्सरीतून खताची पोती आणतो आणि पट्टी खणून देतो. खणताना एक अक्षर बोलत नाही.

यंदा त्याने एक छोटी पिशवी आणली. एवढ्याने काय होणार, असं मी म्हटलं. तो म्हणाला की यंदा टोमॅटो-बिमॅटो नको, नुसत्या पालेभाज्या लाव, मेथी चांगली. तब्येतीला बरी असते.

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल, म्हणून सांगते. माझा नवरा मेथी खात नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या मेथीच्या भाजीतले डाळीचे दाणे वेचून खाल्ले होते आणि पाला ताटाच्या कडेला सारला होता. मेथीच्या पराठ्यालाही तो संशयाने उलटून पाहतो, आणि त्या एका बाबतीत संशयाचा मान त्याच्याकडे जातो. त्या माणसाने मेथी मागितली. शिवाय ती उगवल्यावर खाल्ली. तोंड वाकडं न करता, पाणी पीत, वाटी रिकामी केली.

पहिल्यांदा मला वाटलं त्याला काहीतरी दुखणं आहे आणि डॉक्टरने पाला खायला सांगितलाय. मी त्याच्या खिशात औषधं शोधली, मिळाली ती सर्दीची आणि माझीच. मग वाटलं घरमालकाला मागची जागा गाडी लावायला हवी असेल आणि याने परस्पर हो म्हटलं असेल. एक दिवसभर मी आणखी एक शंका मनात घोळवली, कारण पुरुष एकाएकी हिरव्या भाज्या खायला आणि हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला तर बायकोच्या मनात काय येतं ते मी वेगळं सांगायला नको. पण त्याने नवा शर्ट घेतला नव्हता, भांगही तोच होता, आणि घरी येण्याची वेळही तीच. ती शंका मी जड मनाने सोडून दिली. ती बरी होती असं पुढं वाटलं.

मग मला त्याचे बूट दिसले. वर्कशॉपचे जाड बूट तो मागच्या दाराबाहेर काढतो, आणि ते ग्रीसने इतके माखलेले असतात की मी त्यांना कधी हात लावत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला ते कोरडे होते. त्यांच्यावर नुसती धूळ होती. कामाचा निळा डांगरी कोटही धुवायला पडला नव्हता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला की हल्ली ऑफिसात बसायला सांगितलंय, एका नव्या माणसाला काम समजावून द्यायचंय. आणि लगेच म्हणाला की आज वारा फिरलाय, उत्तरेचा वाटतोय.

त्या रात्री मी त्याला काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारणं म्हणजे दार वाजवणं, आणि दार वाजलं की आतला माणूस आधी पसारा लपवतो. मला खरं हवं होतं. इथं नोकरी गेली की व्हिसा जातो आणि तो एकट्याचा जात नाही, तिघांचा जातो. आमची मुलगी बारावीला आहे. तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, इथल्या शाळेतून. मध्येच गाशा गुंडाळावा लागला तर तिचं वर्ष पाण्यात, आणि ते वर्ष तिने कसं घालवलंय ते आम्ही दोघं बघत होतो. त्यामुळे नोकरी गेलीय का, एवढंच मला पुरणार नव्हतं. कधीपर्यंत आहे, हे कळायला हवं होतं. आणि तो माणूस ताकास तूर लागू देणारा नव्हता.

म्हणून मी भाज्यांना कामाला लावलं. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या सकाळी, तो मागच्या पायरीवर चहा घेत बसला होता. मी पट्टीत उकिडवी बसून खुरप्याने माती मोकळी करत होते आणि त्याच्याकडे पाठ होती. पालक लावू ना, असं मी विचारलं. लाव की, म्हणाला. कांद्याची पात? चालेल. मुळा?

“मुळा चालेल,” तो म्हणाला.

कोबी लावू का, असं मी विचारलं आणि खुरपं थांबवलं नाही. मागून कप पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.

“कोबी नको,” तो म्हणाला. “त्याला फार वेळ लागतो.”

शेवग्याची एक फांदी मला आमच्या गल्लीतल्या तामिळ बाईने दिली होती आणि ती मी बादलीत मातीत खोचून ठेवली होती. शेवगा म्हणजे वर्षाचा, दोन वर्षांचा मामला. याचं काय करू, असं मी बादलीकडे बोट दाखवून विचारलं. तो उठून आत गेला.

शितावरून भाताची परीक्षा होते तशी मी मुळ्यावरून मुदतीची केली. मुळा डिसेंबरात येतो आणि कोबी जानेवारीच्या पुढं. या दोघांच्या मधे कुठंतरी आमचा व्हिसा संपत होता. मी खुरपं मातीत तसंच सोडून दिलं. मला त्याचा राग आला. मला भीती वाटली त्याहून जास्त राग आला, कारण एवढं मोठं ओझं घेऊन तो एकटाच मुकाट्याने मेथी गिळत होता आणि मला वारा उत्तरेचा आहे हे सांगत होता.

टोमॅटोची रोपं मात्र तयार होती. सप्टेंबरात त्याने नको म्हणण्याआधीच मी बी टाकलं होतं, आणि नंतर तो ट्रे भिंतीवरून खालाकडे दिला होता. कशाला लपवतेस, असं तिने विचारलं नव्हतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग आमच्या दाराबाहेरच्या कोरड्या बुटांकडे पाहिलं, आणि ट्रे आपल्या खजुराच्या सावलीत नेऊन ठेवला. तिने किती ओळखलं होतं ते मला आजही नक्की ठाऊक नाही. पण तिने त्यांना एसीच्या नळीचं गोडं पाणी जमवून घातलं, नळाचं खारट नाही, एवढं मी भिंतीवरून बघितलं होतं.

टोमॅटो माझ्यासाठी नव्हतेच. मुलगी दर हिवाळ्यात मागच्या पायरीवर अभ्यासाला बसते, कारण तेवढे तीन-चार महिने बाहेर बसता येतं. पुस्तक मांडीवर आणि एक हात पट्टीत. बारके टोमॅटो ती झाडावरून तोडून न धुता खाते, आणि मी ओरडले की इंग्रजीत उत्तर देते. हिवाळा, अभ्यास आणि टोमॅटो हे तिच्या डोक्यात एकच आहे.

ऑक्टोबर संपताना हवा खरोखर बदलली. सकाळी काचा कोरड्या होत्या. शनिवार होता, मुलगी पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती, आणि मी खालाकडून ट्रे परत घेतला. रोपं वीतभर झाली होती, बुडं जाड. मी पट्टीत खड्डे करायला लागले तेवढ्यात नवरा बाहेर आला.

“हे काय?” तो म्हणाला.

“टोमॅटो. फेब्रुवारीत येतील.”

“तुला नको म्हटलं होतं मी.”

“म्हटलं होतंस. मुळा चालेल म्हणून पण म्हटलं होतंस. तेव्हाच कळलं मला.”

त्याने डोळ्यांनी मुलीकडे खूण केली, हिच्यासमोर नको अशी. मुलीने पुस्तकातून मान वर केली नाही.

“बाबा, यू हेट मेथी,” ती म्हणाली. “आय न्यू इन द फर्स्ट वीक.”

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण इथं तर झाकणाऱ्याला सोडून सगळ्यांना उजाडलं होतं. तो पायरीवर तिच्याशेजारी बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला आणि मग सांगायला लागला. कंत्राट पुढं चालू ठेवणार नाहीत, डिसेंबरअखेर खलास. नव्या माणसाला सगळं समजावून द्यायचं आणि निघायचं. परीक्षा होईपर्यंत तरी हिला कळू नये असं त्याच्या मनात होतं. पण परीक्षेच्या आधीच निघावं लागणार होतं, तर ते कसं जमणार होतं, असं मी विचारलं. मला वाटतं तो नुसता एकेक दिवस ढकलत होता.

साहेबाकडे मार्चपर्यंतची मुदत मागितलीस का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. का नाही? तो म्हणाला की त्यांनी ठरवलंय, आता हात पसरायचा नाही. मला त्याचं हे पुणेरी ताठ मान ठेवणं माहीत आहे, एरवी मला ते आवडतंही. त्या सकाळी मला त्याची मान धरून हलवावीशी वाटली.

“तुझ्यासाठी नको मागू,” मी म्हटलं. “तिच्यासाठी मागायला कसली लाज?”

त्याने माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि खड्डे करायला लागला. मी जवळजवळ केले होते, दाटीने. त्याने ते बुजवले आणि लांब लांब केले, पुरी वाढलेली झाडं मावतील एवढ्या अंतरावर.

रविवारी, म्हणजे इथं आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, तो साहेबाशी बोलला. साहेब इंशाल्ला म्हणाले. या शब्दावर माझा जन्मात विश्वास बसायचा नाही, कारण प्लंबरपासून घरमालकापर्यंत सगळ्यांनी मला तो ऐकवलाय आणि नळ अजून गळतोय. नोव्हेंबर तसाच गेला. नवरा रोज इंशाल्ला घेऊन घरी यायचा आणि मी रोज दाराबाहेरचे बूट बघायचे. कोरडे. टोमॅटोला कळ्या आल्या. एकदा पाऊसही पडला, रस्त्यांवर पाणी साचून शाळा बंद राहण्याइतका, आणि मी रोपांवर बादल्या उपड्या घालत धावत होते. मुळे भरले. मी ते उपटले नाहीत. मुळा उपटला की डिसेंबर आला असं मला वाटायचं, म्हणून ते मातीतच जून होऊन, जाळीदार होऊन गेले, आणि मुलीने त्याबद्दल मला वेड्यात काढलं.

डिसेंबरच्या मध्याला एका संध्याकाळी तो उशिरा आला. मी दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे न बघता खाली बघितलं. बूट ग्रीसने माखले होते, नाड्यांपर्यंत. नव्या माणसाला झेपणार नाही असं एक मोठं काम आलंय, त्याला परत खाली वर्कशॉपमध्ये घेतलंय, आणि मार्चअखेरपर्यंत कागद झालाय, असं त्याने सांगितलं. मार्चअखेर. त्याच्या पुढं नाही. मी कागद मागितला, वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

जेवायला मेथी होती. त्याने वाटी उचलली, बघितली आणि माझ्याकडे सरकवली.

“मला नाही आवडत,” तो म्हणाला. “तुला ठाऊक आहे.”

मुलगी खो खो हसली. मला मात्र रडू आलं, आणि ते भाजीच्या फोडणीमुळे आहे असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट चढवत होता. मी मागच्या दारात उभी होते. बादलीतल्या शेवग्याला आता हिरवे कोंब फुटले होते आणि त्याला जमीन हवी होती. ऑक्टोबरात विचारलेलं मी पुन्हा विचारलं, की या शेवग्याचं काय करू. या वेळी तो आत गेला नाही. त्याने नाड्या बांधल्या आणि बादलीपाशी येऊन एका कोंबाला बोट लावलं.

“भिंतीपलीकडे लाव,” तो म्हणाला. “खालाच्या अंगणात. म्हणजे राहील.”

मी बादली उचलली आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली. खाला आली. तिने हात वर केले आणि मी शेवगा पलीकडे दिला.